गॅलरीत टांगलेले देश

चिंचपोकळी स्टेशनापासून पाच मिनिटांच्या अंतरावर एक जुनी तीन मजली चाळ आहे. तिच्या दुसऱ्या मजल्यावर सकाळी साडेसात वाजता एखादा देश वाळत घातलेला दिसतो, असं तिथले लोक गमतीनं म्हणतात. जयवंत तुळसकरांच्या खोलीसमोर कपड्यांच्या दोरीच्या पुढं आणखी एक दोरी बांधलेली आहे. तिच्यावर कधी ब्राझील असतो, कधी श्रीलंका, कधी पनामा. पंधरा मिनिटं, जास्त नाही. मग देशाची घडी होते आणि तो आत जातो.

तुळसकर जहाजांसाठी झेंडे शिवतात. वय अडुसष्ट, पैकी एकेचाळीस वर्षं ह्याच कामात. एखादं जहाज परक्या देशाच्या बंदरात शिरलं, की त्याच्या मागच्या टोकाला स्वतःच्या देशाचा झेंडा राहतो आणि वर उजव्या बाजूच्या दोरीवर त्या बंदराच्या देशाचा झेंडा चढवतात. हा जगभरचा शिष्टाचार आहे. कुणाच्या दारात पाऊल टाकताना नमस्कार करावा, तसा. म्हणून मुंबईहून निघणाऱ्या भारतीय जहाजाला वाटेत जेवढे देश लागतील तेवढे झेंडे बरोबर न्यावे लागतात. छापील झेंडे बाजारात हवे तेवढे मिळतात, पण समुद्राच्या वाऱ्यात त्यांच्या महिन्याभरात चिंध्या होतात. तुळसकरांचा शिवलेला झेंडा दोन वर्षं टिकतो, असं माझगावात जहाजांना सामान पुरवणारे सांगतात.

त्यांचे वडील गिरणीत साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे, होते. ब्याऐंशीच्या संपात गिरणी गेली ती गेलीच. तरुण जयवंत माझगावला ताडपत्री शिवणाऱ्या धोंडू मास्तरांच्या हाताखाली लागले. झेंडे शिवायला मास्तरांनीच शिकवलं, आणि एक नियम घालून दिला. "मशिनवर असतो तोवर तो कापड. वाऱ्यावर गेला की झेंडा. वाऱ्यावर बघितल्याशिवाय कुणाला देऊ नको." म्हणून गॅलरीतली ती दोरी. झेंडा टांगायचा आणि खाली अंगणात जो कुणी भेटेल त्यानं मान वर करून बघायचं. सरळ असेल तर "ठीक!" म्हणून ओरडायचं. चाळीतली दोन पिढ्यांची पोरं ह्या कामावर वाढली. अंगोला कुठं आहे हे शाळेत ठाऊक नसलं, तरी त्याचा झेंडा कुठल्या बाजूनं काळा आणि कुठल्या बाजूनं लाल, हे इथल्या पोरांना बरोबर ठाऊक असे.

देशादेशांच्या दोस्तीवर फार विसंबू नये, हेही तुळसकर मास्तरांच्याच दुकानात शिकले. त्या काळी रशियन जहाजांचं येणं-जाणं मोठं. मास्तरांनी विळा-हातोड्याचे दोन डझन झेंडे आगाऊ शिवून ठेवले. "आपला कायमचा दोस्त आहे, लागतीलच." मग एक्क्याण्णव साल सरता सरता देशच राहिला नाही. लाल कापड उत्तम होतं. जयवंतांची बायको सीमा हिनं त्याच्या उशा शिवून चाळभर वाटल्या. त्या हिवाळ्यात निम्मी चाळ सोव्हिएत संघावर डोकं ठेवून झोपत होती. तेव्हापासून तुळसकर मागणी आल्याशिवाय कुठल्याच देशाचं कापड कापत नाहीत.

देशांच्या ह्या दोस्तीवरून त्यांचा आणि आग्नेलो डिमेलोचा कायमचा वाद. आग्नेलो माझगावचाच, जहाजांना सामान पुरवणाऱ्या एका जुन्या पेढीत मागण्या सांभाळणारा. धोंडू मास्तरांच्या दुकानापासूनचा दोस्त. त्याची मुलगी अँड्रिया ऑस्ट्रेलियात पर्थला असते आणि मुलगा आल्विन जहाजावर अधिकारी आहे.

"आपण, अमेरिका, ऑस्ट्रेलिया अशा चार देशांनी हातात हात घातला तर चीन गप्प बसेल की नाही?" आग्नेलो म्हणायचा. "एकटं राहून कोण मोठा झाला, सांग मला. भांडणाच्या वेळी पाठीशी कुणी नको?"

"सगळ्यांच्या लग्नाला जावं," तुळसकर दोरा ओवता ओवता म्हणायचे, "घरजावई मात्र कुणाचा होऊ नये."

"मॅन, तुला कुणी मागणी घातलीय का पण?"

हा वाद दोघांनाही आवडायचा, कारण त्यातून कधी काही निष्पन्न होत नसे.

गेल्या मे महिन्यात मात्र चाळीतली हवा बदलली. पाकिस्तानच्या सीमेवर चार दिवस लढाई झाली. समोरच्या खोलीतल्या गंगुबाई घाडींचा धाकटा मुलगा दीपक सीमा सुरक्षा दलात, जम्मूच्या बाजूला होता. ते चार दिवस गंगुबाई फोन मांडीवर घेऊन बसून होत्या. दीपक सुखरूप राहिला, पण त्याच्या चौकीवरून ड्रोन गेले होते. ते तुर्कस्तानचे, अशी बातमी आली आणि दीपकचा मोठा भाऊ हितेंद्र बदलून गेला. हितेंद्र अडतीस वर्षांचा, एका विमा कंपनीत नोकरीला, चाळीच्या मंडळाचा सेक्रेटरी. माणूस भला, कुणाच्या घरी आजारपण असलं तर रिक्षा आणायला पहिला धावणारा. पण त्यानं सफरचंदवाल्याला टोपली उलटी करून दाखवायला लावली, तुर्की माल निघाला तर बघ म्हणाला.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आग्नेलो एक मागणी घेऊन आला. तुर्कस्तानचे दोन झेंडे. जहाज पुढच्या बुधवारी संध्याकाळी सुटणार, मर्सिन बंदराला जाणार.

"आल्विनचंच जहाज आहे," आग्नेलो म्हणाला. "छापील नको म्हणाला. काकांचेच पाहिजेत."

तुळसकरांनी लाल कापड घेतलं. पांढरा चंद्र आणि चांदणी कापून मशिनवर ठेवली, आणि नेमका त्याच वेळी हितेंद्र आकाशकंदिलाचं कापड विचारायला दारात आला. त्याची नजर मशिनवर गेली.

"काका, हे काय आहे?"

तुळसकरांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी सांगितलं.

हितेंद्रनं गॅलरीतल्या दोरीकडं पाहिलं. मग म्हणाला, "माझ्या आईच्या दारासमोर हे टांगणार तुम्ही?" आणि कंदिलाचं न बोलताच निघून गेला.

रविवारी सकाळी मंडळाच्या खोलीत बैठक बसली. चाळीत वयानं सर्वांत मोठे म्हणून अप्पा अध्यक्ष. विषय असा ठेवला होता, की चाळीच्या गॅलरीत कुठल्या देशांचे झेंडे लावू नयेत, ह्याची एक यादी करावी. हितेंद्रनं फोन काढला आणि टिपून घ्यायला बसला.

"लिही," अप्पा म्हणाले. "पहिला पाकिस्तान."

"तो मी कधी शिवलाच नाही," तुळसकर म्हणाले. "आपली जहाजं जातात कुठं तिकडं?"

"तरी लिही. सुरुवात तिथनंच झाली पाहिजे. दुसरा चीन."

"हितूभावजी," मागून तिसऱ्या मजल्यावरची वैशाली म्हणाली, "फोन कुठल्या देशाचा हो तुमचा?"

लोक हसले. हितेंद्रही ओशाळून हसला. "फोनचं वेगळं, वहिनी."

"अमेरिका?" कुणीतरी विचारलं. "पाकिस्तानला विमानं देणारी तीच, आणि आपल्या मालावर कर लादणारीही तीच."

"पण आपल्या नौदलाबरोबर सराव करते ना?"

"मग अर्धी लिही."

"अर्धा देश कसा लिहायचा?"

"रशियाला हात लावायचा नाही," अप्पांनी आधीच बजावलं. "एकाहत्तरला कोण उभं राहिलं होतं आपल्या मागं?"

"अप्पा, तो रशिया आता चीनच्या गळ्यात गळा घालून फिरतो."

"फिरू दे. म्हाताऱ्या मित्रांचं असंच असतं. मी नाही का रोज त्या खालच्या मजल्यावरच्या लबाडाबरोबर पत्ते खेळत?"

मग हितेंद्र म्हणाला, "सौदी. गेल्याच महिन्यात पाकिस्तानशी संरक्षण करार केला त्यांनी. एकावर हल्ला म्हणजे दोघांवर हल्ला, असं लिहिलंय त्यात."

सगळ्यांच्या नजरा वैशालीकडं वळल्या. वैशालीचा नवरा सात वर्षं सौदीत, जुबेलला, पाइप जोडण्याच्या कामावर होता.

"लिहा की," वैशाली म्हणाली. ह्या वेळी ती हसत नव्हती. "लिहा सौदीला दुश्मन. मग उद्या माझ्या पोरीला कुणी म्हणालं, तुझा बाप दुश्मनाचं मीठ खातो, तर मी काय सांगू? हा डोक्यावरचा पंखा गणपतीच्या वर्गणीतून नाही आला, भावजी. तो जुबेलच्या ओव्हरटाइमचा आहे."

सगळ्यांनी नकळत पंख्याकडं पाहिलं. हितेंद्रनं फोन खाली ठेवला. "वहिनी, तुमच्याबद्दल नाही हो..."

"माझ्याबद्दल नाही तर कुणाबद्दल? देश म्हणजे तिथं असलेली माणसंच ना?"

यादी तिथंच अडली. अप्पा ती पुढच्या बैठकीवर ढकलायच्या विचारात होते, पण हितेंद्र उठून उभा राहिला.

"ठीक आहे. यादी राहू दे. मला राजकारण कळत नाही. मला एवढंच कळतं, की ते ड्रोन माझ्या भावाच्या डोक्यावरून गेले. चार दिवस आईनं अन्नाला हात लावला नाही. ज्यांनी ते दिले त्यांचा झेंडा तिनं सकाळी दार उघडल्यावर बघायचा? काका, तुम्ही सांगा. दीपकला तुम्ही कडेवर घेतलंय."

खरंच घेतलं होतं. तुळसकर त्याच्याकडं वळले.

"झेंडा त्यांच्यासाठी नाही रे, हितू. आपल्या जहाजासाठी आहे. आपला तिरंगा लावलेलं जहाज त्यांच्या दारात जाणार, तिथला रिवाज पाळणार..."

"जावं कशाला तिथं?"

"ते मला विचारू नकोस. सरकारनं ते बंदर बंद केलं तर मीही त्या दिवशी मशिन बंद करीन."

थोडी कुजबुज झाली. शेवटी अप्पांनीच तोड काढली. शिवायचा तर शिवावा, तो त्यांचा धंदा आहे. पण गॅलरीत टांगू नये. दोन्ही बाजूंचं मन राहिलं. हितेंद्रनं मान हलवली. तुळसकरांनीही हलवली. एकेचाळीस वर्षांत न टांगता एकही झेंडा दिला नव्हता, हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. शेजाऱ्यासाठी एवढं करायला हरकत नव्हती.

आग्नेलोला कळलं तेव्हा तो पोट धरून हसला. "म्हणजे मोठमोठ्या सरकारांसारखंच केलं तुम्ही. धंदा चालू, फोटो बंद."

सोमवारी तुळसकर दार लावून, खिडकीला चादर लावून शिवायला बसले. सीमा म्हणाली, "चोरीचं सोनं वितळवतायत जसं काही." त्यांनी कात्री उचलली. चंद्र एका बाजूनं शिवायचा, मग कापड उलटं करून त्याच्या मागचं लाल कापड कापून काढायचं, म्हणजे तो दोन्ही बाजूंनी दिसतो. शेवटी एका कडेला दोरीची पट्टी जोडायची. काम हातात बसलेलं होतं. पण दर थोड्या वेळानं बाहेर पावलं वाजली की हात थांबत. दुपारी दोन्ही झेंडे झाले. सवयीनं ते गॅलरीकडं निघाले, दारापाशी थांबले आणि मागं वळले. झेंडे कागदात गुंडाळून संध्याकाळी आग्नेलोच्या स्वाधीन केले.

मंगळवारी दुपारी आल्विनचा फोन आला.

"काका, रागावू नका हं. दोन्ही झेंड्यांची पट्टी उलट्या बाजूला लागलीय. चंद्राचं तोंड काठीकडं झालंय. ते बाहेर पाहिजे."

तुळसकरांची नजर मशिनकडं गेली.

"काका? आहात ना? मी बघितलं म्हणून बरं. हा तसाच चढवला असता तर मर्सिनला आम्ही मुद्दाम अपमान केला असंच वाटलं असतं त्यांना. सध्या तसंही आपल्याकडं वाकड्या नजरेनंच बघतात. छापील घेऊ का मी? मिळतील."

"नको," तुळसकर म्हणाले. "बाबांबरोबर पाठव. उद्या दुपारपर्यंत देतो."

फोन ठेवून ते मशिनपाशी येऊन बसले. चूक मोठी नव्हती. उसवायचं आणि पट्टी दुसऱ्या कडेला लावायची, तासाभराचं काम. पण ही चूक मशिनवर कधीच दिसत नाही. दहा पावलं लांबून, वाऱ्यावर, पहिल्याच नजरेला दिसते. गॅलरीत टांगला असता तर खालून पाच वर्षांचं पोरही ओरडलं असतं. आपलं लपवणं आल्विनच्या गळ्यात पडत होतं, तेही परक्या बंदरात, जिथं आधीच कुणी हसून बोलणार नव्हतं.

"परत दार लावूनच शिवणार?" सीमानं विचारलं.

"शिवीन कसाही. पण टांगल्याशिवाय देणार नाही."

"आणि शब्द दिलाय तो?"

"तो परत घ्यायला लागेल. तोंडावर जाऊन."

झेंडे संध्याकाळी परत आले आणि रात्रीत दोन्ही पट्ट्या बदलून झाल्या. बुधवारी सकाळी सात वाजता ते समोरच्या खोलीत गेले. हितेंद्र दाढी करत होता. गंगुबाई पाटावर बसून भाजी निवडत होत्या. तुळसकरांनी सगळं सांगितलं. चूकही सांगितली. ती सांगताना त्यांची मान खाली गेली.

"म्हणून आज मी तो टांगणार आहे, हितू. पंधरा मिनिटं. तुला न सांगता टांगला असता तर तो विश्वासघात झाला असता. तू नको म्हणालास तरी टांगणार, तेही आधीच सांगतो. रागाव. माझ्याशी बोलू नकोस. पण त्या पोराला चुकलेला झेंडा देऊन मी पाठवणार नाही."

हितेंद्रनं चेहऱ्यावरचा फेस पुसला. "मग बैठकीला अर्थ काय राहिला, काका?"

"नाही राहिला. तेवढी चूक माझी."

"आज तुमचं बघून उद्या कुणीही उठेल आणि..."

"हितू," गंगुबाई म्हणाल्या. "बैठक माझ्या नावान भरवलास, आणि माकाच कोणी इचारूक नाय."

"आई, तुझ्यासाठीच तर..."

"माका म्हायत आसा." त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. "भावजी, खोटा कित्याक सांगू, माका तो बावटो बघूचो नाय. पण तुमचा काम अडता तर टांगा. मी दार लावन बसतंय. पंधरा मिन्टांनी माका हाक मारा."

हितेंद्र आईकडं बघत टॉवेल उचलून बाहेर पडला. तुळसकरांनी हात जोडले आणि ते बाहेर आले. मागं दाराची कडी लागल्याचा आवाज झाला.

साडेसातला पहिला झेंडा दोरीवर चढला. वारा होता. लाल कापड फडफडलं तसे वरच्या-खालच्या गॅलऱ्यांमधून चेहरे बाहेर आले. पहिल्या मजल्यावरून कुणीतरी "ओ तुळसकर, ठरलं काय होतं?" असा सूर लावला. हितेंद्र टॉवेल खांद्यावर टाकून अंगणात उतरला होता. झेंड्याकडं पाठ करून तो मनगटावरच्या घड्याळाकडं बघत उभा होता.

"पंधरा मिनिटं," तो वर न बघताच मोठ्यानं म्हणाला. "आईला विचारून लावलाय. कुणाला काही बोलायचं असेल तर माझ्याशी बोला."

पहिल्या मजल्यावरचा माणूस आत गेला. पण "ठीक" म्हणायला वरही कुणी बघेना. बघावं की नाही हेच लोकांना कळत नव्हतं. तुळसकर थोडा वेळ कठड्याशी थांबले. मग गुडघ्यावर हात ठेवत दोन मजले उतरले, अंगणाच्या टोकाला गेले आणि स्वतःच मान वर करून बघितलं. चंद्राचं तोंड बाहेर होतं. कड सरळ होती. ते वर चढून गेले, पहिला झेंडा उतरवला, दुसरा लावला आणि पुन्हा खाली आले. हितेंद्रच्या शेजारून दोन्ही वेळा गेले. दुसऱ्या वेळी तो किंचित बाजूला सरकला, म्हाताऱ्याला वाट मिळावी म्हणून.

"झाली वेळ," एवढंच शेवटी त्यानं सांगितलं आणि तो आंघोळीला गेला.

तुळसकरांनी झेंडे घडी करून पिशवीत घातले आणि समोरच्या दारावर हलकेच बोटं वाजवली. "वयनी, उतरवला."

कडी निघाली. गंगुबाईंनी आधी गॅलरीतल्या मोकळ्या दोरीकडं पाहिलं, मग पिशवीकडं.

"ता आग्नेलाचा पोरगा," त्या म्हणाल्या, "कधी परत येतला?"

"चार महिन्यांनी."

"आवस फोन धरून बसली आसतली."

"त्याची आई नॉर्मा ना? ती रोजच बसते."

गंगुबाई आत गेल्या. कुळथाच्या पिठाचा एक डबा घेऊन आल्या आणि तो पिशवीत, झेंड्यांच्या वर, जपून ठेवला.

"पिठी करूक जहाजार गरम पाणी तरी गावता मा?" त्यांनी विचारलं.